मदत हवी आहे: एन स्केलची रोडरेलर गाडी मागे ढकलली की घसरते

नमस्कार मंडळी,

पुण्यात घरी भिंतीलगतच्या फळीवर एन स्केलचा (१:१६०) लेआउट, म्हणजे छोटी मॉडेल रेल्वे, करतोय. ठिकाण अमेरिकेतलं फोर्ट वेन, काळ १९९५च्या आसपासचा. नॉरफोक सदर्न रेल्वेच्या ट्रिपल क्राऊन नावाच्या रोडरेलर गाड्यांचं हे मुख्य ठाणं होतं, म्हणून ते निवडलं.

या गाड्या ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: कोकण रेल्वेच्या रो-रोमध्ये अख्खा ट्रक वाघिणीवर चढतो. इथे वाघीणच नसते. हायवेवरचा ट्रेलर थेट रेल्वेच्या बोगीवर (डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट) बसतो, त्याच्या पाठीतल्या खाचेत मागच्या ट्रेलरची जीभ अडकते आणि दोघांत मिळून एकच बोगी. नेहमीचा कपलर (डबे जोडणारा आकडा) फक्त इंजिनामागच्या खास बोगीला, तिला कपलरमेट म्हणतात. (किर्लोस्कर न्यूमॅटिकमुळे हे तंत्र भारतातही आलं.)

माझे ट्रेलर डीलक्स इनोव्हेशन्सचे आहेत. पुढे ओढताना झकास चालतात. पण फळीच्या एका टोकाला रूळ संपतात, तिथून गाडी मागे ढकलली की वळणावर मधलाच एखादा ट्रेलर आडवा होतो. वजन वाढवलं, तरी तेच. इंजिन सोडवून शेपटाला लावावं, तर तिथे नुसती बोगी, कपलर नाहीच! आता काय करू?

प्रतिसाद:
ढकलण्याचा नाद सोडा. कपलरच्या गाडीत थोडी ढिलाई असते, यात जवळजवळ नसते. ढकलल्याचा जोर सरळ बाजूला जातो. वजन घालायचंच तर तळाशी, बोगीच्या वर घाला. छताजवळ अजिबात नको.

आणि खऱ्या ठाण्यावर तरी इंजिन कुठे टोक बदलायचं? गाडी सुटी व्हायची. तिथले रूळ फरसबंदीत पुरलेले असायचे, ट्रक थेट त्यावर यायचा. ट्रेलर आपल्या एअर सस्पेन्शनवर उचलला जायचा, बोगीवरून सुटायचा आणि रस्त्याला लागायचा. क्रेन लागायची नाही. म्हणजे तुम्ही ट्रेलर हातानं उचललेत तर ते मूळ कामाला धरूनच आहे, त्यात लाजायचं काय!

रोज एकेक उचलायचा कंटाळा येत असेल तर कॅसेट करा, म्हणजे गाडीसकट उचलता येणारा रुळांचा सुटा तुकडा. प्लायच्या पट्टीवर दोन ॲल्युमिनियम अँगल ९ मिमी अंतरानं चिकटवा. उभ्या कडा हेच रूळ, वीजही त्यातूनच. ट्रेलर ९-१० सेंटीमीटरचा, म्हणजे दहा ट्रेलर आणि इंजिन सव्वा मीटरच्या आत बसतात. गाडी आत घ्या, दोन्ही टोकांना अडसर लावा, कॅसेट उचलून फिरवा.

धागाकर्ता:
कॅसेटचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! अँगल हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. पण लेआउटच्या रुळांशी कॅसेट दर वेळी तंतोतंत जुळावी म्हणून काय वापरता? खिळे की पितळी नळीचे तुकडे?