एकाच लिनक्सवर ॲप्ट, स्नॅप, फ्लॅटपॅक, पिप: सगळं हवंच का?

पहारेकरी: ही चारही सॉफ्टवेअर बसवायची साधनं: ॲप्ट हे डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांचं मूळचं, स्नॅप आणि फ्लॅटपॅक त्याहून वेगळी, पिप पायथन भाषेच्या पॅकेजेससाठी. मशीनवर काय बसलंय याची नोंद एकाच वहीत हवी, असं माझं ठाम मत आहे. फ्लॅटपॅकनं काय टाकलं ते ॲप्टला कळत नाही, पिपचं तर दोघांनाही नाही. २०१८ मध्ये उबुंटूवर मी सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, पिप अपग्रेड केलं. दहावी आवृत्ती आली, पण पिप सुरू करणारी ॲप्टची छोटी स्क्रिप्ट जुनीच राहिली. तिला हवं असलेलं 'मेन' हे फंक्शन नव्या पिपमध्ये त्या जागी नव्हतंच. अर्धा दिवस गेला.

गिम्पवेडी: असहमत. तो घोळ सुडोमुळे झाला. पायथनचं काम व्हेन्वमध्ये, म्हणजे प्रत्येक कामाच्या वेगळ्या कप्प्यात, करा, सिस्टिमला धक्काही लागत नाही. डेबियन १२ पासून तर पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला सरळ नकार देतं. आणि फक्त ॲप्टवर राहायचं तर थांबायची तयारी हवी. गिम्प या चित्रं संपादित करायच्या ॲपची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, ती ॲप्टमधून देणारं डेबियन १३ ऑगस्टमध्ये. मी डेबियन १२ वरच राहिले आणि फ्लॅटहबवरून, म्हणजे फ्लॅटपॅकच्या ॲप-भांडारातून, गिम्प घेतलं. कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर, डेस्कटॉप मात्र ॲप्टकडेच.

पहारेकरी: गिम्पचं पटलं. सुरक्षेचं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीत, म्हणजे वेबपी चित्रं उघडणाऱ्या, अनेक ॲप्स वापरतात त्या लायब्ररीत, गंभीर भोक सापडलं. ॲप्टनं एक लायब्ररी बदलली की तिच्यावर चालणारं सगळं दुरुस्त. इलेक्ट्रॉनवर (ब्राउझरचं इंजिन आत घेऊन ॲप बनवायचा साचा) बनलेल्या ॲप्समध्ये मात्र प्रत्येकाची स्वतःची प्रत, म्हणून एकेकाच्या अपडेटची वाट बघा.

गिम्पवेडी: इलेक्ट्रॉनचं ॲप डेब फाइलीतून (ॲप्टचं पॅकेज) घेतलं तरी ती प्रत आत असतेच की! यात फ्लॅटपॅकचा काय दोष?

लॅबवाले सर: शाळेतल्या जुन्या मशीन सांभाळतो, नेट मोबाइलचं. फ्लॅटपॅकचं पहिलं ॲप, कितीही छोटं असो, रनटाइमसकट (ॲप्सना लागणारा सामायिक पाया) शेकडो एमबी ओढतं. स्नॅप अपडेटनंतर जुनी आवृत्तीही ठेवून घेतं. तेही चालवून घेतलं असतं. पण उबुंटू २०.०४ वर ॲप्टकडे क्रोमियम ब्राउझर मागितला की स्नॅपचं येतं, हे मला अजिबात मान्य नाही. मागितलं एकाकडे, दिलं दुसऱ्यानंच. मिंट २० नं स्नॅपची वाट बंद केली तेव्हा आम्ही सगळ्या मशीन मिंटवर नेल्या.

पहारेकरी: सर, +१. गिम्पवेडी, तुमची वाटणी करून बघतो: फ्लॅटपॅक फक्त ज्याची नवी आवृत्ती खरंच लागते त्यासाठी. स्नॅप आज रात्रीच काढतोय. स्नॅपमधल्या फायरफॉक्सचे बुकमार्क आधी बाहेर काढले आहेत.