हद्दवाढीवर ग्रामसभा आहे. ठरावात नुसता 'विरोध' लिहायचा की अटी घालायच्या?

पंचायतीतली_ताई

नमस्कार. मी करवीर तालुक्यातली, कोल्हापूर शहराला अगदी खेटून असलेल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. दुसरी टर्म आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथं वाचणाऱ्यांत आमचेच भाऊबंद आहेत आणि ते दोन्ही बाजूंना आहेत. येत्या सोमवारी विशेष ग्रामसभा आहे, विषय एकच. हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं कोल्हापूर महापालिकेत घेणं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची, महापालिका झाली 15 डिसेंबर 1972 ला. तेव्हापासून शहराची हद्द 66.82 चौरस किलोमीटरच आहे, एकदाही वाढलेली नाही. प्रस्ताव मात्र माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. कधी 18 गावं आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, अलीकडे आठ गावं. यादी आली की गावं बंद, मोर्चा, ग्रामसभांचे ठराव. मग हद्दवाढ मागणारी शहरातली कृती समिती आंदोलनाला बसते आणि 'विरोध करणाऱ्या गावांची केएमटी (महापालिकेची बस) बंद करा' अशी मागणी होते. 2017 मध्ये मधला मार्ग म्हणून 42 गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. तरी प्रश्न जिथल्या तिथं.

आमच्या गावात आजवर एका ओळीचा ठराव झालाय, 'हद्दवाढीस ग्रामसभेचा तीव्र विरोध'. हात वर, टाळ्या, चहा. यावेळी मला तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण गावातलं बोलणं बदललंय. नव्या कॉलन्यांमधले लोक (मतदार यादीत ते आता निम्म्याच्या आसपास आहेत) म्हणतात, गेलो शहरात तर गेलो, निदान ड्रेनेज तरी मिळेल. मळ्यातले म्हणतात, जमिनीवर आरक्षण पडलं (म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली) तर आमच्या पोरांनी काय करायचं. दोघांचंही म्हणणं मला पटतं.

मला स्वतःला कशाची भीती वाटते ते सांगते. घरपट्टीची नाही. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कोपऱ्यावरचं गटार तुंबून पाणी अंगणवाडीच्या उंबऱ्याला लागलं होतं. महिला ग्रामसभेत साठी ओलांडलेल्या एक काकू उठल्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. ग्रामसेवकांच्या टेबलापाशी गेल्या, प्रोसिडिंग बुकावर (सभेच्या नोंदवहीवर) बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हितं लिही. कधी काढणार त्येची तारीख बी लिही. मग वाचून दाखव." त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. आठव्या दिवशी गटार निघालं. काकू त्या आठ दिवसांत दोनदा पंचायतीत जाऊन तारीख विचारून आल्या होत्या.

शहरात गेल्यावर ही काकू कुठं जाणार? महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 ला संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली पाच वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. आता 81 नगरसेवक आलेत, पण चार-चार जणांचा प्रभाग. आमच्या गावात दर दीड-दोनशे घरांमागे एक सदस्य आहे आणि त्याचं घर सगळ्यांना माहीत आहे. रात्री नळाला पाणी आलं नाही तर बायका माझं दार वाजवतात. चावी फिरवणाऱ्या माणसाचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये आहे.

तर ज्यांचं गाव शहरात गेलंय, ज्यांना कायदा कळतो, आणि शहरातले जे हद्दवाढ मागतात, तिघांनीही सांगा. ठराव कसा लिहू?

पेठेतला_सुभाष

ताई, मी मंगळवार पेठेतला. हद्दवाढीच्या बाजूने आंदोलनाला बसलेला माणूस आहे, ते आधीच सांगतो.

केएमटी बंद करण्याची मागणी मला कधीच पटली नाही. त्या बसमधून तुमच्या मुली आमच्याकडच्या कॉलेजात येतात. भांडणात हे व्हायला नको होतं.

पण आमची बाजू ऐका. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5 लाख 49 हजार होती. एवढी माणसं 66 चौरस किलोमीटरमध्ये. त्यात रंकाळा, पंचगंगेचं पूरक्षेत्र वजा करा. घर बांधायला जागा नाही म्हणून आमची मुलं तुमच्या गावात फ्लॅट घेतात आणि रोज सकाळी शहरात येतात. रस्ता, दवाखाना, मंडई, अग्निशमन इथलंच वापरतात, आणि त्यात काही गैर नाही, ती आमचीच मुलं आहेत. पण हा भार उचलायला महापालिकेचं उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. निधीची बरीचशी गणितं लोकसंख्येवर मांडली जातात आणि ही लोकसंख्या आमच्या खात्यात धरली जात नाही.

पंचगंगेचंही तसंच. शहराचं सांडपाणी नदीत जातं म्हणून आम्ही बोलणी खातो आणि ती खाल्लीच पाहिजेत. पण वेशीवरच्या गावांमध्ये अपार्टमेंट उभी राहिली, त्यांच्या मैल्याचं काय? ते ओढ्यातून नदीलाच मिळतं. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुणाची हद्द विचारून घुसलं नव्हतं.

एक शेवटचं. तुमच्याकडं बरेच जण म्हणतात की शहरात गेलो तर गोठे जाणार. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही म्हैस समोर पिळून दूध देतात. आम्हालाही म्हशी हव्यात. गोठ्यांची अट ठरावात घाला, तिला पाठिंबा द्यायला मी स्वतः येतो.

निवृत्त_ग्रामसेवक

31 वर्षं दप्तर सांभाळलं. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय.) मुद्द्याचं तेवढं लिहितो.

पहिली गोष्ट, ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक नाही. हे लोकांना स्पष्ट सांगा, नाहीतर उद्या फसवल्यासारखं वाटेल. महापालिकेची हद्द बदलण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे राज्य शासनाचा आहे. त्यासाठी आधी प्रारूप अधिसूचना निघते, हरकती-सूचनांना साधारण 30 दिवस देतात, मग अंतिम अधिसूचना. तुमचं खरं हत्यार त्या 30 दिवसांत आहे. बहुतेक गावं ग्रामसभेत घसा बसवतात आणि हरकतीच्या महिन्यात झोपतात.

दुसरी गोष्ट, वेळ. 2027 च्या जनगणनेसाठी हद्दींचे बदल 31 डिसेंबर 2025 च्या आत उरका, त्यानंतर जनगणना होईपर्यंत हद्दी बदलायच्या नाहीत, असं केंद्राने राज्यांना कळवलं होतं. त्यामुळे घाबरून सोमवारीच सगळं ठरवायची गरज नाही. पण हा वेळ तयारीला वापरा.

तिसरी, गावाचं काय जातं ते नीट मांडा. वित्त आयोगाचा निधी आज थेट पंचायतीच्या खात्यावर येतो, तो बंद. रोजगार हमीची कामं बंद. ग्रामीण घरकुलाची यादी बंद, ज्यांचं नाव प्रतीक्षेत आहे त्यांनी शहरी योजनेत नव्याने अर्ज करायचा. जलजीवनचं (नळपाणी योजनेचं) काम अर्धवट असेल तर ते कोण पुरं करणार, हे लेखी घ्या. घरपट्टी मात्र पहिल्याच वर्षी पूर्ण दराने लागत नाही, टप्प्याटप्प्याने चढते. त्याचा बागुलबुवा करू नका, पण पाचव्या वर्षी किती होईल ते आजच काढून दाखवा.

चौथी, ताईंचीच. प्रतिनिधी. पुण्याचं उदाहरण समोर आहे. 1997 ला 38 गावं घेतली, विरोधामुळे त्यातली काही पुन्हा वगळावी लागली. ऑक्टोबर 2017 ला 11 गावं घेतली, त्यांना दोन नगरसेवक मिळाले 2019 च्या पोटनिवडणुकीत. 30 जून 2021 ला आणखी 23 गावं गेली आणि पुणे क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून बसलं. त्या 23 गावांतल्या लोकांनी महापालिकेसाठी पहिलं मत दिलं जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे सरपंच गेला आणि साडेचार वर्षं त्याच्या जागी निवडून आलेलं कुणीच नाही. 11 मधली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं तर बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. ज्या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला तीच ही गावं.

आता_शहरातली

ताई, माझं माहेर असंच एका शहरात गेलं. शहराचं नाव लिहीत नाही.

ज्या दिवशी दप्तर न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी तिथं होते. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे होते, कित्येक वर्षांचे. शिपाईमामा एकेक गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून देत होते आणि वरचा माणूस तो भिरकावत होता. मामांनी त्याला थांबवलं आणि स्वतः टेम्पोत चढून लावून घेतले. आमच्या घराची नोंद त्यातल्याच कुठल्या तरी गठ्ठ्यात होती. पुढं कर आकारणीच्या वेळी ती सापडली नाही. वडिलांनी 1988 ला बांधलेल्या दोन खोल्या कागदावर कधी बांधल्याच नव्हत्या असं झालं. ते सिद्ध करायला सव्वा वर्ष गेलं, आणि शेवटी कामी आली ती पंचायतीची जुनी घरपट्टीची पावती, आईनं देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली.

म्हणून ठराव काहीही होवो, प्रत्येक घराला नमुना 8 चा (पंचायतीतल्या घराच्या कर आकारणी नोंदीचा) उतारा काढून ठेवायला सांगा. शिक्क्यासह. नळजोडणीची पावतीसुद्धा. स्मशानभूमी, गायरान, देवळाची जागा, तालमीची जागा यांचे सातबारे एका फाइलला लावा आणि ती फाइल गावातल्या तीन घरी ठेवा.

चांगलंही सांगते. रस्त्यावरचे दिवे आले. कचऱ्याची गाडी रोज येते, पूर्वी ओढ्याकाठी टाकायचो. माझी वहिनी म्हणते, पुन्हा पंचायत नको. आई म्हणते, विचारायला कुणी राहिलं नाही. दोघी एकाच घरात राहतात.

पंचायतीतली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रामसभा झाली, म्हणून उशिरा लिहितेय.

सकाळी महिलांची सभा घेतली, 140 बायका आल्या. निवृत्त दादांनी लिहिलेलं मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. रोजगार हमी आणि घरकुलाच्या ओळीला एकदम शांतता झाली, कारण यादीतल्या अकराजणी समोरच बसल्या होत्या. त्यांना हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, मी पण नाही. ते मला लागलं.

दुपारच्या सभेत आवाज चढले. एका तरुणानं सरळ विचारलं, शहरात काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत आलं, आपण अजून टँकरचा नंबर लावतोय, मग विरोध कसला करताय? त्याला खाली बसवायला काहीजण उठले. मी म्हटलं, बोलू दे, त्याच्या घरी पाणी नाही. सुभाषदादांचं नदीचं म्हणणंही मांडलं, पेठेतल्या माणसाचं आहे हे सांगून. कुणी ओरडलं नाही.

ठराव असा झाला. आजच्या स्वरूपातल्या प्रस्तावाला विरोध. पुढं शासनानं प्रारूप काढलं, तर निवडणूक सहा महिन्यांत घ्यावी आणि तोवर गावात दर महिन्याला अधिकाऱ्यांनी येऊन जाहीर सभा घ्यावी, तिचं प्रोसिडिंग वाचून दाखवावं. मैल्याची वाहिनी आणि पाणी यांचा खर्च व मुदत अधिसूचनेच्या आधी लेखी द्यावी. गोठे, गायरान, तालीम यांना हात लावू नये. घरकुलाची प्रतीक्षा यादी त्याच क्रमाने शहरी योजनेत जावी. बाजूनं 312, विरोधात 97. विरोधातले बहुतेक कॉलनीतले होते, त्यांचं म्हणणंही ठरावाखाली लिहून घेतलंय.

आजपासून पंचायतीत नमुना 8 च्या उताऱ्यासाठी रांग लागलीय. ग्रामसेवकांनी आणखी एक शिक्का मागवलाय.

दादा, एक विचारायचं राहिलं. पुढं हरकती द्यायची वेळ आली तर गावाची मिळून एक देऊ की घरागणिक?

निवृत्त_ग्रामसेवक

घरागणिक. मजकूर छापील नको, प्रत्येकानं आपल्या घराचं कारण आपल्या शब्दांत लिहावं. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्या. दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांक टाकून पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.