एमजीबीचे शॉक अब्सॉर्बर: लिव्हर-आर्म ठेवू की मागे टेलिस्कोपिक लावू? मदत हवी आहे

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), क्रोम बंपरवाली. चारही शॉक मूळ लिव्हर-आर्म पद्धतीचे, म्हणजे तेलाच्या डबीतून निघालेल्या दांड्यावर आडवा हात वर-खाली हलतो ते. मागचे दोन्ही दांड्याच्या सीलमधून गळतात; बाहेरच्या अंगाला तेलावर धूळ बसून काळा चिखल झालाय. कोपरा दाबून सोडला की मागची बाजू दोन-तीनदा डोलते आणि खडबडीत वळणावर चक्क बाजूला सरकते. पुढचे गळत नाहीत, पण ढिले वाटतात.

तेल भरून पाहिलं, थोडं जाड तेलही घातलं. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. लिंक आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश नवे आहेत, पाटे दबलेले नाहीत, टायरची हवा बरोबर आहे. त्यामुळे कृपया 'आधी बुश बघा' नको.

पुढे लिव्हर-आर्मच वरच्या विशबोनचं (चाक वरून धरून ठेवणाऱ्या भुजेचं) काम करतो, म्हणून तिथे टेलिस्कोपिकचा (नळीत नळी सरकणाऱ्या नेहमीच्या शॉकचा) खर्च आणि खटाटोप मला झेपणार नाही. तिथे रीबिल्ट केलेले लिव्हर-आर्मच लावीन. प्रश्न मागचा आहे. बोल्टने बसणारं टेलिस्कोपिक किट घ्यावं, की तेवढ्याच पैशात चारही रीबिल्ट करून घ्यावेत? वेल्डिंग किंवा चासीत नवी भोकं नकोत. गाडी फक्त रस्त्यावर चालते, उंची मूळचीच ठेवायची आहे, आणि कडकपणापेक्षा आराम हवा.

ज्यांनी पुढे लिव्हर-आर्म आणि मागे टेलिस्कोपिक अशी जोडी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी सांगावं: मूळ पाट्यांवर मागची बाजू फार कडक होते का, आणि ॲडजस्टेबल शॉकसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे का?