'कम्प्लेसन्सी'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? (गाण्यांवरच्या टिपणासाठी हवंय)

रातराणी:
नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी आठवडाभर अडलेय. आमच्या चर्चच्या तरुण मुलांच्या गटात दर महिन्याला एक गाणं घेऊन त्यावर बोलतो. या वेळी सत्तरीतलं अमेरिकन ख्रिश्चन रॉक आहे आणि मराठी टिपण माझ्याकडे आलंय. मुख्य गाणं कीथ ग्रीनचं, १९७८ च्या 'नो कॉम्प्रमाइज' अल्बममधलं, नावाचा अर्थ साधारण 'उजेडात झोपलेले'. चर्चला जाणारी, पोटभर जेवणारी माणसं देवाकडे अजून आशीर्वाद मागत राहतात आणि दारात आलेल्याला हसून 'देव तुझं भलं करो' म्हणून परत पाठवतात, त्यांना तो सरळ तोंडावर विचारतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे तेच, फक्त पियानोवर आणि जवळजवळ ओरडून.

आता या माणसांच्या वृत्तीला इंग्रजीत कम्प्लेसन्सी म्हणतात. मी आधी 'आत्मसंतुष्टता' लिहिलं, तर कॉलेजातली एक मुलगी म्हणाली ताई, आत्मसंतुष्ट असणं चांगलंच ना? मग 'समाधानी वृत्ती' केलं, ते तर आणखीनच कौतुकाचं झालं. आमच्या चर्चचे पाळक (पाद्री) म्हणाले 'स्वस्थता' लिहा, जुन्या मराठीत बरोबर बसतं, पण अर्ध्या मुलांनी स्वस्थ म्हणजे तब्येत चांगली असा हिंदी अर्थ घेतला. मला असा शब्द हवाय की वाचणाऱ्याला जरा टोचलं पाहिजे. सुचवा प्लीज.

मोल्सवर्थप्रेमी:
तुमचे पाळक बरोबर आहेत. 'स्वस्थ' हा अस्सल शब्द आहे, स्व + स्थ, आपल्याच ठिकाणी असलेला. मराठीत 'स्वस्थ बसणे' म्हणजे काही न करता बसणे हे शाळेतलं पोर पण जाणतं. हिंदीमुळे मुलांना कळत नाही म्हणून आपण आपला शब्द सोडायचा का? असे एकेक करून सगळेच जातील. मुलांना अर्थ सांगा, शब्द बदलू नका.

साधीमराठी:
काका, आदर ठेवून असहमत. टिपण मुलांसाठी आहे, शब्दकोशासाठी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं ते कशासाठी, तर खेड्यातल्या बायकांना वाचता यावं म्हणून. बाई गेल्या १९२२ ला, छापून आलं १९२४ ला, आणि मुद्दाम सोप्या मराठीत. त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली आणून सांभाळल्या, त्यांना 'अर्थ समजून घ्या' असं सांगत बसल्या नाहीत. माझं मत 'सुस्त'. एकदम कळतं. जेवून सुस्त पडलेला माणूस डोळ्यापुढे येतो.

मोल्सवर्थप्रेमी:
'सुस्त' फारसी आहे.

साधीमराठी:
आणि 'हवा' अरबी आहे, तरी आपण घेतोच ना.

कॅसेटवाला:
शब्दाचं बघा तुम्ही, मी गाण्यांबद्दल लिहितो कारण कीथ ग्रीनचं नाव इतक्या वर्षांनी कोणीतरी काढलं. आमच्या हॉस्टेलवर एका मिशनरी पाहुण्याने ठेवून गेलेली कॅसेट होती, रीळ सुटलं की पेन्सिलीने गुंडाळायचो. १९८० चा त्याचा अल्बम त्याने 'जमेल तेवढे पैसे द्या' म्हणून पोस्टाने पाठवला, नसतील तर फुकट, आणि त्याच अल्बममधल्या एका गाण्यात बॉब डिलनने हार्मोनिका वाजवलाय. लोकांना गरिबांबद्दल सुनावायचं आणि आपण तिकीट लावायचं हे त्याला पटेना, म्हणून कार्यक्रमांचे पैसे घेणंपण सोडलं. घरात बेघर, व्यसनातून सुटू पाहणारी, कोणी नसलेल्या गरोदर मुली अशी माणसं ठेवली. जुलै १९८२ मध्ये टेक्ससला विमान पडून गेला, दोन लहान मुलं बरोबर, वय अठ्ठावीस. रातराणीताई, हे टिपणात जरूर घ्या, नाहीतर मुलांना वाटेल नुसता ओरडणारा माणूस होता.

आणि त्याचंच शेरडा-मेंढरांचं गाणं घ्याच. बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय आहे, मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी शेवटच्या न्यायाला माणसं वेगळी करतात तो, नुसता वाचून दाखवतो म्हणा ना, मागे पियानो. शेवटी तो जे म्हणतो त्याचा मथितार्थ असा की दोन्ही कळपांमध्ये फरक एकच, कोणी काय केलं आणि कोणी काय केलं नाही. संपल्यावर आमच्या खोलीत कोणी दिवा लावायला उठलं नव्हतं.

नगरचा मी:
कीथ ग्रीन रॉक आहे का पण? तो पियानोवाला. रॉक म्हणाल तर शिकागोची रेझरेक्शन बँड, १९७२ पासून, खरा गिटारचा धडाका. ही मंडळी अपटाउन भागात एका ख्रिस्ती समुदायात राहायची, सगळ्यांची कमाई एका पिशवीत, आणि त्याच समुदायाने पुढे बेघरांसाठी निवारा चालवला. १९७९ ला वर्णभेदाच्या विरोधात गाणं केलंय त्यांनी, अमेरिकेतल्या चर्चमध्ये तेव्हा हा विषय फार कोणी काढत नव्हतं. त्याच्याही आधी लॅरी नॉर्मन, १९७२ चा अल्बम, त्यातल्या एका गाण्यात चंद्रावर पोचायच्या नादात घरची पोरं उपाशी ठेवलीत असं आपल्याच देशाला सुनावतो.

दुसरं म्हणजे 'ख्रिश्चन रॉक' का लिहिता, 'ख्रिस्ती रॉक' लिहा. आम्ही नगरचे, आमच्याकडे ख्रिस्ती म्हणतात. ख्रिस्ती कीर्तन, ख्रिस्ती भजन, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग. आजीच्या पिढीत ख्रिश्चन हा शब्द साहेबासाठी होता.

रातराणी:
नगरचा मी दादा, आम्ही घरात ख्रिस्तीच म्हणतो, पण गाण्याच्या प्रकाराचं नावच ख्रिश्चन रॉक असं रूढ आहे. 'ख्रिस्ती रॉक' लिहिलं की मुलांना वाटतं आपल्या चर्चच्या बँडचं काहीतरी आहे.

नगरचा मी:
वाटू दे की! तेच तर पाहिजे. ते अमेरिकेचं आहे, आपलं नाही असं वाटलं की झाली तुमची कम्प्लेसन्सी सुरू.

पानवेल:
मूळ प्रश्नाकडे येते. लॅटिन मुळाप्रमाणे कम्प्लेसन्सी म्हणजे स्वतःवर खूश असणं, पण या गाण्यांत नुसतं तेवढं नाहीये. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायात बघा, सीयोनात म्हणजे यरुशलेमात आरामात असलेल्यांना तो हाय हाय म्हणतो, हस्तिदंती पलंगावर लोळतात, वीणेवर गाणी जुळवतात, आणि योसेफाचा, म्हणजे आपल्याच लोकांचा, नाश होतोय त्याचं त्यांना काहीच वाटत नाही. दोष शेवटच्या गोष्टीत आहे. म्हणजे 'सुखासीन' हा शब्द मला जवळचा वाटतो, सुखात आसीन, बूड टेकून बसलेला. आणि गंमत बघा, वर्णनात गाणं-बजावणंही आहे. म्हणजे गाण्यानेही माणूस झोपतो आणि गाण्यानेच त्याला उठवायचंय.

साधीमराठी:
सुखासीन चांगला आहे, पण वर्तमानपत्री. 'सुखासीन मध्यमवर्ग' इतकं वाचलंय की टोचत नाही आता.

नगरचा मी:
'सुखवस्तू' कसा? सुखात वस्ती करणारा.

मोल्सवर्थप्रेमी:
'वस्तू' चा वस्तीशी संबंध जोडायला आधार काय? नुसत्या आवाजावरून व्युत्पत्ती लावू नये. आणि सुखवस्तू ही शिवी नाही, लग्नाच्या स्थळाच्या जाहिरातीतला शब्द आहे.

मांडवी:
कोणीतरी आमच्या गोव्याकडचा 'सुशेगाद' म्हणायच्या आधीच लिहून ठेवतो, कारण मागे एका अनुवादात हे केलेलं पाहिलंय आणि फार लागलं होतं. सुशेगाद पोर्तुगीजमधल्या शांत-निवांत या अर्थाच्या शब्दावरून आलाय, त्यात दुसऱ्याकडे पाठ फिरवणं कुठेच नाही. माझे वडील पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला जायचे, दुपारी जेवून आडवे व्हायचे, त्याला सुशेगाद म्हणायचे. ओढून झालं की वाटा रापणीला हात लावलेल्या सगळ्यांना, शेजारच्या विधवेलासुद्धा. पर्यटनवाल्यांनी तो शब्द आळशीपणाचा केला. कृपा करून या पापाला आमचा शब्द चिकटवू नका.

रातराणी:
मांडवी दादा, नाही वापरणार, नक्की. तुम्ही लिहिलंत त्यावरून मला माझी अडचण नीट कळतेय. आपल्याकडे निवांतपणाला, समाधानाला सगळे चांगले शब्द आहेत कारण तो आपल्या स्वतःच्या ताटाबद्दलचा असतो. तुकोबांचं 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' आपण स्वतःबद्दल म्हणतो. पण हेच वाक्य मी माझ्या कामवाल्या मावशींच्या घराकडे बघून म्हटलं तर? शब्द तोच आणि काहीतरी भयंकर होतं. मला त्या 'भयंकर'ला नाव हवंय.

कॅसेटवाला:
हेच! आणि 'जे का रंजले गांजले' पण तुकोबांचंच. दोन्ही एकत्र ठेवले की पहिलं वाक्य सुस्तावत नाही.

पानवेल:
मग शब्द नको, वाक्प्रचार घ्या. 'डोळ्यांवर कातडं ओढून घेणे'. दिसतंय आणि तरी ओढून घेतलंय. झोपेच्या गाण्याला चपखल आहे, झोपलेल्याला उठवता येतं पण सोंग घेतलेल्याला नाही अशी म्हण आपल्याकडे आहेच.

मोल्सवर्थप्रेमी:
कातडं ओढणारा जाणूनबुजून करतो. कम्प्लेसन्सीमध्ये माणसाला कळतच नाही की आपण काही चुकतोय. तो 'गाफील' जवळचा. (अरबी आहे, मला माहीत आहे, साधीमराठीबाई.)

साधीमराठी:
मान्य काका, गाफील सुंदर आहे. पण गाफील माणसाचं स्वतःचं नुकसान होतं. शत्रू चालून आला आणि राजा गाफील राहिला. इथे नुकसान दारातल्याचं होतंय.

नगरचा मी:
रिच मलिन्स राहिला की. नव्वदीतला मोठा गायक, गाणी तुफान विकली जायची, पण त्याने चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवलेलं की अमेरिकेतला साधा कामगार सरासरी जेवढं कमावतो तेवढंच मला द्या, बाकीचं दान. स्वतःकडे किती जमलेत ते विचारायचाही नाही. शेवटी अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवाशांच्या वस्तीत मुलांना संगीत शिकवायला गेला, १९९७ ला अपघातात गेला. याच्या उलट जे आहे ती तुमची कम्प्लेसन्सी, असं उदाहरणाने सांगा, शब्दाची गरजच नाही.

रातराणी:
टिपण शनिवारी द्यायचंय, म्हणून सध्या असं लिहिलंय: 'शेजारी कोणी उपाशी असताना आपल्याला लागणारी शांत झोप'. शब्द नाही, पण त्या मुलीला वाचून दाखवलं तर ती गप्प झाली. शेरडा-मेंढरांचं गाणंही घेतेय. फक्त शेरडं शब्द पुण्याच्या मुलांना कळेल का, का 'शेळ्या' करू?

माणदेशी:
ताई, शेरडंच ठेवा. आमच्या वाड्यात मेंढरांच्या कळपात पंधरा-वीस शेरडं असायचीच, दुधासाठी. दिवसभर एकत्र चरायची. लांबून बघितलं तर एकच कळप वाटायचा, म्हणून तर वेगळं करायची गोष्ट सांगितलीय. शेळी म्हटलं की एकटी दारात बांधलेली दिसते, शेरडं म्हटलं की कळप.

मोल्सवर्थप्रेमी:
पण शेरडूं म्हणजे लहान पिलू ना?

माणदेशी:
नाही हो काका, पिलाला करडू म्हणतात. मेंढीचं ते कोकरू.

साधीमराठी:
आमच्या खानदेशात तर शेळीला बकरीच म्हणतात, शेरडं मी पहिल्यांदा बायबलमध्येच वाचलं.

नगरचा मी:
आणि त्यात बोकड धरायचा का नाही?