गावातल्या व्यायामवर्गात बाया टिकत नाहीत, दोष कोणाचा?

धागा काढणारी (यवतमाळकडची)
आमच्या समाजमंदिरात सकाळी सहाला बायांचा व्यायामवर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी बावीस जणी, आठवड्यात सहा. सगळे म्हणतात, बाया आळशी. पहाटे उठून, सैपाक करून कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला आळशी कसं म्हणता? समाजमंदिराची एक बाजू उघडी, समोर पार, पारावर माणसं बसलेली. शेजारीण म्हणाली, "बाई, मले येत नाही असं नाई, पन वाकली का वाटते सारे माह्याकडंच पाह्यतेत." आधी आडोसा करा, मग बायांना नावं ठेवा.

प्रतिसाद (वर्धा)
असहमत. आडोसा केला की लाज पक्की होते. विचार पटोत न पटोत, १९३६ साली याच वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती ही संघाच्या विचारांची बायांची संघटना निघाली आणि मुली लाठी शिकल्या. शिवाय सगळे आपल्याकडेच पाहतात हा बराचसा भास असतो. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्यांनी तरी पाहिलं असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात लक्षात आलं साधारण पाव जणांच्या.

धागा काढणारी
तिथे नुसते सोबतचे विद्यार्थी होते, दादा. इथे पारावर तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ असतो. सासू त्याच सतरंजीवर. सुनेनं डोक्यावरचा पदर सांभाळायचा की हात वर करायचे?

प्रतिसाद (अकोला)
दिवसभर निंदण करणाऱ्या बाईले व्यायाम काहून पाहिजे?

प्रतिसाद (नर्स, चंद्रपूर)
भाऊ, दिवसभर वाकून कंबर धरते, म्हणूनच पाहिजे. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायांना उडी मारली, खोकलं की लघवीचे थेंब सुटतात, कारण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. उड्या सुरू झाल्या की ती पाणी प्यायला जाते आणि शिकवणारा म्हणतो, कामचुकार. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू बसल्या बसल्या आवळायचे, सोडायचे. आधी हे शिकवा. पण हे पुरुष शिक्षकासमोर ती विचारणार कशी?

प्रतिसाद (वर्धा)
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई शिक्षिका हवी, मान्य. आडोशाचं मात्र अजून पटत नाही.

धागा काढणारी
सोमवारपासून वर्ग अंगणवाडीच्या खोलीत, दार लावून. सासवा सहाला, सुना दुपारी.

प्रतिसाद (वर्धा)
लावा. पण दार कधी उघडायचं, ते त्या बायांनाच ठरवू द्या.