गुडघा एकाचा, भुर्दंड गावाला

थंडगार_मिनेसोटा:
मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे आले होते. बाबांनी हट्टच धरला, "तो चौक दाखव." मी मिनियापोलिसमध्ये अकरा वर्षं राहतोय, पण अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूच्या त्या चौकात मुद्दाम कधी गेलो नव्हतो. वाळलेली फुलं, मधोमध उगारलेली मूठ. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वीस डॉलरच्या नोटेवरून?"

हो, तेवढ्यावरूनच. नोट खोटी असल्याची तक्रार गेली आणि २५ मे २०२० च्या संध्याकाळी डेरेक शॉविन या गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा रोवला, त्यात तो गेला. पुढे खुनाचा गुन्हा शाबीत झाला, साडेबावीस वर्षं लागली. आमच्या देशी मंडळींच्या पंगतीत विषय इथेच मिटतो. "शिक्षा झाली ना? मग झालं."

झालं कसं? निकालाच्या महिनाभर आधी शहराने फ्लॉइडच्या घरच्यांना २ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यात शॉविनचा छदामही नाही. गुडघा त्याने ठेवायचा आणि भुर्दंड घरपट्टी भरणाऱ्यांनी सोसायचा, ज्यात त्याच चौकात राहणारे काळे लोकही आले. माझं मत सरळ आहे: पोलिसाच्या स्वतःच्या खिशाला चाट बसल्याशिवाय हे थांबणार नाही. बोला.

काकासाहेब_नाशिक:
मी खात्यात ३१ वर्षं काढली, शिपाई म्हणून लागलो, फौजदार म्हणून निवृत्त झालो. समोरचा माणूस कमरेतून काय काढेल ते अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं हो, आणि तुमच्याकडे तर बंदुकांना तोटा नाही. पगारातून कापणार म्हटलं तर पोरं भरतीला धावणारच नाहीत. आहेत ती भानगड दिसली की गाडी दुसऱ्या गल्लीत घालतील. एकाने शेण खाल्लं, त्याला आत टाकला. आता सगळ्या खात्याच्या तोंडाला का फासताय?

खारी_बिस्किट:
काका, आदर राखून. तुमचा अर्ध्या सेकंदाचा मुद्दा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टालाही मान्य आहे. १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यात त्यांनी हेच सांगितलं की मागाहून सुचलेल्या शहाणपणाने बघू नका, त्या वेळी तिथे असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने बघा. पण इथे अर्धा सेकंद नाही, नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद आहेत. हातात बेड्या. फुटपाथवरून एक बाई ओरडून सांगतेय, मी अग्निशमन दलात आहे, त्याची नाडी बघा. शॉविनबरोबरचा नवखा लेन दोनदा विचारतो, कुशीवर वळवायचा का? शॉविन नाही म्हणतो.

आणि शेण एकदाच खाल्लं नव्हतं. २०१७ मध्ये याच माणसाने चौदा वर्षांच्या एका काळ्या मुलाला टॉर्चने मारलं आणि पंधरा मिनिटांहून जास्त वेळ त्याच्यावर गुडघा दाबून ठेवला. हे सगळं पोलिसाच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात होतं. तरी नोकरी शाबूत, वर २०२० मध्ये साहेब नव्या पोरांना शिकवायला! फ्लॉइड गेल्यावर पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकात तर गुडघ्याचा उल्लेखसुद्धा नव्हता, मथळ्यात 'वैद्यकीय घटना' म्हटलं होतं. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर तेच पत्रक खरं धरलं गेलं असतं.

सरळ_रेष:
कुणी काही म्हणो, 'वर्णद्वेष' हा शब्द फार स्वस्त झालाय. तिथे असलेल्या चौघा पोलिसांतला कुएंग स्वतः काळा, थाओ आग्नेय आशियातल्या हमोंग समाजाचा. पोलिसप्रमुखही काळा, आणि त्याने कोर्टात शॉविनविरुद्धच साक्ष दिली. हार्वर्डच्या रोलंड फ्रायर यांना, तेही काळेच, २०१६ च्या अभ्यासात गोळीबारामध्ये वांशिक फरक सापडला नाही. पोलिस खातं मोडून नवं काढायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनियापोलिसच्याच मतदारांनी पाडला. लोकांना पोलिस हवेत.

खारी_बिस्किट:
फ्रायरचा उरलेला निबंधही वाचा की. ढकलणं, भिंतीला लावणं, बेड्या घालणं असल्या बळाच्या वापरात काळ्यांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त आलंय, तेही त्यांनीच लिहिलंय. केंद्राच्या न्याय खात्याने २०२३ मध्ये याच शहराच्या पोलिसांबद्दल काळे आणि मूळनिवासी यांच्याशी भेदभाव केल्याचा अहवाल दिला. मे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने त्यावर आधारलेल्या पोलिस सुधारणेच्या करारातून अंग काढून घेतलं, ते सोडा.

थंडगार_मिनेसोटा:
सरळ_रेष, आमच्याच भागातली दोन प्रकरणं जोडून बघा. २०१६ मध्ये फिलँडो कॅस्टिल, काळा, गाडीत. परवान्याची बंदूक आहे हे स्वतःहून सांगितलं तरी गोळ्या घातल्या, पोलिस निर्दोष. २०१७ मध्ये मोहम्मद नूर या सोमाली पोलिसाने गोऱ्या बाईला गोळी घातली, खुनाची शिक्षा. (पुढे मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाने तो आरोप रद्द केल्यावर शिक्षा कमी झाली.)

सरळ_रेष:
त्या बाईने स्वतः पोलिसांना फोन करून बोलावलं होतं, तिच्याकडे बंदूक नव्हती. तथ्यंच वेगळी आहेत. कॅस्टिलला मारणाराही गोरा नव्हता, लॅटिनो होता.

थंडगार_मिनेसोटा:
यातलं थोडं पटतं. सगळं नाही.

जर्सीचा_जावई:
पुण्यात हवालदाराने शिट्टी मारली की मी गाडी लावून "साहेब, साहेब" करत खाली उतरायचो. इथे बायकोने पहिल्याच आठवड्यात दम भरला: उतरायचं नाही, पाकिटासाठी वाकायचं नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांनी अलाबामाची २०१५ ची गोष्ट आठवावी. नातवासाठी गुजरातहून आलेले आजोबा सकाळी फुटपाथवर चालत होते. कुणीतरी फोन केला, सडपातळ काळा माणूस फिरतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने जमिनीवर आपटलं, मानेला इजा झाली, अंग अर्धवट लुळं पडलं. दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला सोडलं.

पालावरची_पोर:
आमच्याकडे रंग बघावा लागत नाही. 'गुन्हेगार जमाती' हा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला, पण गावात चोरी झाली की जीप अजून आधी पारध्यांच्या पालावर येते.

सरळ_रेष:
विषयांतर. त्यासाठी वेगळा धागा काढा.

खारी_बिस्किट:
विषयांतर कसलं? बरं, पैशांकडे वळू. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या एका प्राध्यापिकेने २०१४ मध्ये मोठ्या पोलिस खात्यांचा हिशेब मांडला, तर भरपाईतला पोलिसांनी स्वतः भरलेला वाटा होता ०.०२ टक्के. म्हणजे शंभर डॉलरमागे दोन सेंट. कोलोरॅडोने २०२० मध्ये कायदा केला: पोलिस सद्भावनेने वागला नाही असं ठरलं तर रकमेच्या पाच टक्के किंवा २५ हजार डॉलर, जे कमी असेल ते त्याने भरायचं. काका, यात भरती बंद पडण्यासारखं काय आहे? शिवाय सहकारी जादा बळ वापरत असेल तर त्याला अडवायचं, हा नियम मिनियापोलिसमध्ये २०१६ पासून होताच. न अडवणारे तिघेही पुढे तुरुंगात गेले.

काकासाहेब_नाशिक:
नियम आमच्याकडेही खूप आहेत. तो लेन नोकरीत चार दिवसांचा होता, असं आत्ता नातवाने शोधून सांगितलं. चार दिवसांच्या पोराने साहेबाला दोनदा विचारलं, हे मला जास्तच वाटलं.

१९८७ साल असेल. एका तालुक्याच्या ठाण्यात मंगळसूत्राच्या चोरीत एक पोरगा आणला होता. हो, पालावरचाच. साहेब पट्टा घेऊन आतल्या खोलीत गेले, मला दारात उभं केलं. पोरगा पाणी मागत होता. मी दार किलकिलं करून विचारलं, "साहेब, चहा सांगू का?" आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. दोन चहा प्यायलो, सावकाश.