स्काउट-गाईडमध्ये तुम्ही होतात का कधी संघनायक?

पार्कवाली: परवा शिवाजी पार्कात स्काउट हॉलपाशी सातवी-आठवीतल्या पोरी बांबूला क्लोव्ह हिचची गाठ मारत होत्या. बाई लांब कट्ट्यावर. एकीची गाठ सुटली, तरी बाई उठल्या नाहीत. शेजारणीने दोर सोडून परत बांधून दाखवला. मला एकदम आमचा कर्जतचा कॅम्प आठवला. मी १३ वर्षांची, मोगरा संघाची, म्हणजे आमच्या छोट्या तुकडीची, नायिका. रात्री पाऊस, तंबूत पाणी. बाईंकडे धावले तर म्हणाल्या, "संघ तुझा आहे, तू सांग काय करायचं." आधी रडूच फुटलं. मग दोघींना चर खणायला लावलं, बाकीच्यांनी वळकट्या मधल्या खांबाशी रचल्या. पहाटेपर्यंत एकही वळकटी भिजली नाही. तुमचंही लिहा ना.

लोकल_८_१२: गरुड संघ! ६ डिसेंबरला आमची सेवा असायची, पार्कात पाणीवाटप. कोणाची पाळी कधी ते कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, आम्हीच ठरवायचो, सर नुसते ऐकायचे. एकदा मी माझ्या दोस्तांना सकाळच्या पाळ्या दिल्या. उपनायकाने सगळ्यांसमोर विचारलं, का? उत्तर नव्हतं. भर दुपारची पाळी मी घेतली. त्याने विचारलं ते फार बरं केलं.

गिरगावची_लेक: लेकीला गाईडचा स्कार्फ मिळाला, वॉगल (स्कार्फ अडकवायचं कडं) हरवला. दादरला कुठे मिळेल?

कुकरच्या_शिट्ट्या: आमच्याकडे स्काउट म्हणजे २६ जानेवारीचं संचलन. नायक सर नेमणार, कामं सर सांगणार. तीन वर्षं खाकी घातली, एक निर्णय घेतला नाही. अजून वाईट वाटतं.

लोकल_८_१२: @शिट्ट्या, वाईटच झालं रे. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी १९०७ला ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हाच २० पोरांचे चार संघ केले, प्रत्येकाचा नायक त्यांच्यातलाच एक. ते काढलं तर उरतो फक्त गणवेश.

आजोबा_माहीम: आम्ही 'खरी कमाई'त, म्हणजे कामं करून पैसे मिळवायच्या स्काउटच्या उपक्रमात, शेजाऱ्यांच्या सायकली पुसायचो. पैशाचा हिशेब अकरा वर्षांच्या खजिनदाराकडे. चार आणे जुळेनात म्हणून सगळा संघ सातपर्यंत थांबला, कोणी त्याला रागावलं नाही. चुलीवर खिचडी टाकलीय, बाकीचं नंतर लिहितो.

कुकरच्या_शिट्ट्या: आजोबा, सापडले का चार आणे?

आजोबा_माहीम: त्याच्याच मोज्यात.

पार्कवाली: @गिरगावची_लेक, विकत नको घेऊस, दोरीचा विणता येतो. रविवारी लेकीला घेऊन ये, त्या पोरीच शिकवतील तिला.